पडद्यावरचं जोडाक्षर : एकदा लिहिलेला कोड सगळीकडे कसा चालतो?

घटक : संगणक आणि भाषा
कोणासाठी : इयत्ता ५ वी ते ८ वी, तसेच डिजिटल साहित्य तयार करणारे शिक्षक
वेळ : दोन तासिका
साहित्य : जुन्या पुठ्ठ्याची कार्डे, चौकटीचा कागद, पेन्सिल, शाळेतला संगणक किंवा टॅब, एखादा मोबाईल



मोबाईलवर आपण "शिक्षण" असा शब्द टाइप करतो. तोच शब्द शाळेच्या संगणकावर उघडला तरी "शिक्षण"च दिसतो. टॅबवर, ब्राउझरमध्ये, प्रिंट काढल्यावर, सगळीकडे तसाच. आपल्याला यात विशेष काही वाटत नाही. पण मोबाईल एका कंपनीचा, संगणक दुसऱ्या कंपनीचा, ब्राउझर तिसऱ्याचा. मग या सगळ्यांना "क्ष" कसा काढायचा हे कोणी शिकवलं? प्रत्येकाने वेगवेगळं शिकून घेतलं का? की शिकवणारा एकच आहे?

आजच्या पाठात याचं उत्तर शोधू. ते शोधताना मुक्त स्रोत म्हणजे काय, एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वापरणं म्हणजे काय आणि आपल्या मराठीला त्याचा काय फायदा झाला, हेही समजून घेऊ.

या पाठातून काय शिकायचं?

१) पडद्यावरचं अक्षर हे एक चित्र असतं आणि ते दर वेळी नव्याने काढलं जातं.
२) ते काढण्याचे तीन टप्पे कोणते.
३) नक्कल करणं आणि पुनर्वापर करणं यातला फरक.
४) मुक्त परवाना म्हणजे काय.
५) शाळेचं साहित्य तयार करताना कोणती काळजी घ्यायची.

१. संगणकाला अक्षर माहीत नसतं

संगणकाला फक्त आकडे कळतात. म्हणून जगातल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. या क्रमांकांच्या यादीला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ असे १२८ क्रमांक मिळाले. त्याआधी भारतात 'इस्की' नावाचं आपलं स्वतःचं मानक होतं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी त्यावरूनच घेतली आहे.

आता "शिक्षण" हा शब्द संगणकात कसा साठतो ते बघा.

श – २३५८
ि (पहिली वेलांटी) – २३६७
क – २३२५
् (हलन्त) – २३८१
ष – २३५९
ण – २३३९

फक्त सहा आकडे! यात "क्ष" कुठेच नाही. वेलांटी श च्या आधी दिसते, पण यादीत ती श च्या नंतर आहे. म्हणजे जे साठवलं जातं ते उच्चाराच्या क्रमाने आणि जे दिसतं ते लिखाणाच्या वळणाने. या दोन्हींमधलं अंतर कोणीतरी भरून काढावं लागतं. ते काम एका कोडचं, म्हणजे संगणकाला दिलेल्या लेखी सूचनांचं असतं.

२. तीन कामं, तीन कारागीर

दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर आठवा. तो आधी ठरवतो की कोणतं अक्षर कुठे येणार, जोडाक्षर कसं घ्यायचं, वेलांटीला किती जागा सोडायची. मग तो खडूने बाहेरची रेघ काढतो आणि आत कुठपर्यंत भरायचं ते नक्की करतो. शेवटी पाटीवर रंग भरतो. संगणकातही हीच तीन कामं होतात.

पहिलं काम – मांडणी. आकड्यांची यादी घ्यायची, तिचे अक्षरगट पाडायचे, वेलांटी पुढे आणायची, रफार डोक्यावर चढवायचा, क् आणि ष यांच्या जागी "क्ष" चं चित्र निवडायचं. हे काम करणारा प्रसिद्ध मुक्त कोड म्हणजे हार्फबझ.

दुसरं काम – आकार. फॉन्टच्या फाइलमध्ये अक्षरांची चित्रं नसतात, तर बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा असतात. म्हणून अक्षर कितीही मोठं केलं तरी ते फाटत नाही. या वक्ररेषांवरून पडद्याच्या बारीक चौकटींपैकी कोणती किती काळी करायची हे काढावं लागतं. १९९६ मध्ये सुरू झालेला फ्रीटाइप हा मुक्त कोड हे काम करतो.

तिसरं काम – रंग भरणं. अक्षरं, रेघा, चित्रं, सावल्या हे सगळं एकावर एक ठेवून पडदा रंगवायचा. क्रोम ब्राउझर आणि अँड्रॉइड यांच्यात हे काम स्किया नावाचा कोड करतो. स्किया ही आधी एक छोटी कंपनी होती. २००५ मध्ये गुगलने ती विकत घेतली आणि २००८ मध्ये क्रोमबरोबर हा कोड सर्वांसाठी खुला केला.

कृती १ (गटात करा) : कार्डांवर एकेक चिन्ह लिहा – म, ा, र, ्, म, ि, क. सात मुलांना सात कार्डं देऊन याच क्रमाने उभं करा. हा झाला संगणकात साठलेला "मार्मिक". आता अक्षरगट पाडा : मा / र्मि / क. मधल्या गटात चार मुलं आहेत – र, ्, म, ि. फळ्यावर "र्मि" लिहा आणि मुलांना विचारा, आपण हाताने लिहिताना आधी काय काढतो? आधी वेलांटी, मग म, शेवटी वर रफार. मग त्या चौघांना त्या क्रमाने उभं राहायला सांगा. सगळ्यात शेवटचा ि सगळ्यात पुढे येईल आणि सगळ्यात पुढचा र (आपल्या हलन्ताला बरोबर घेऊन) सगळ्यात मागे जाईल. हार्फबझ नेमकं हेच करतो, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत.

कृती २ : चौकटीच्या कागदावर मोठा "ठ" काढा. जी चौकट पूर्ण रेषेखाली आली ती पूर्ण काळी करा, अर्धी आली ती फिकट करा, जराशी आली ती अगदी फिकट करा. आता कागद लांब धरून बघा, गोलाई गुळगुळीत दिसेल. फ्रीटाइप असंच करतो. त्याच्याकडे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २५६ छटा असतात.

३. मराठीचं दुखणं थोडं वेगळं

देवनागरी लिपी हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत अशा अनेक भाषांची आहे. पण मराठीच्या काही खास गरजा आहेत. हिंदीसाठी लिहिलेला कोड जसाच्या तसा मराठीला पुरत नाही.

अ) "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना". पहिले शिकवणारे, दुसरे स्वयंपाक करणारे. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" डोंगरातल्या. फरक फक्त र चा आहे. पहिल्या शब्दात साधा र (२३५२) आणि हलन्त, त्याचा रफार होतो. दुसऱ्यात ऱ (२३५३) आणि हलन्त, त्याची य च्या डावीकडे छोटी आडवी चंद्रकोर होते. हिंदीला हे रूप लागत नाही. मराठीला लागतं, नेपाळीलाही लागतं. मांडणी करणाऱ्या कोडला हा नियम माहीत हवा आणि फॉन्टमध्ये त्या रूपाचं चित्रही हवं. दोन्हींपैकी एक नसेल तर ऱ पाय मोडून उभा राहतो आणि शब्द फुटतो.

आ) "ल" आणि "श". महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपं ठरवून दिली. हिंदीत दंडाचा ल आणि गाठीचा श चालतो. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींचा क्रमांक एकच आहे! मग मराठी वळण कसं येणार? ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं ठेवलेली असतात, त्याला "हा मजकूर मराठी आहे" असं कळवावं लागतं. मजकुराची भाषा मराठी अशी निवडलेली असेल तर मांडणीचा कोड मराठी रूप उचलतो. म्हणून फाइलची भाषा निवडणं हे काम बिनमहत्त्वाचं नाही.

इ) "ॲ". "ॲप" मधला हा स्वर मराठीत रोज लागतो. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक (२४१८) मिळाला तो २००८ मध्ये. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तो नसतोच, म्हणून तिथे नुसता चौकोन दिसतो.

४. प्रत्येकाची वेगळी चूल असताना

सुरुवातीला हे सगळं प्रत्येकाने आपापलं केलं. विंडोजचा मांडणीचा कोड वेगळा, ॲपलचा वेगळा, लिनक्सवरच्या प्रोग्रॅम्सचे आणखी वेगळे. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय आली, पण ती त्या कंपनीची खासगी. दुसऱ्या कोणाला ती उघडून बघता येत नव्हती, उचलून वापरताही येत नव्हती.

मोबाईल आले तेव्हा पुन्हा पहिल्यापासून तोच त्रास. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीची धड सोय नव्हती. मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसायचे, नाहीतर वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षर फुटलेलं. त्या काळी अनेकांनी ऑपेरा मिनी ब्राउझरमधली एक खुबी वापरली होती. त्यात एक सेटिंग बदललं की मराठी मजकूर दूरच्या सर्व्हरवर रंगवून चित्र म्हणून मोबाईलवर यायचा. वाचता यायचं, पण ते चित्र असल्यामुळे त्यातला शब्द ना निवडता यायचा, ना कॉपी करता यायचा.

आपल्यासारख्या मोठ्यांचं ठीक आहे. "शिक्षण" फुटलेलं दिसलं तरी आपण अंदाजाने वाचतो. पण दुसरीतलं मूल अंदाजाने वाचत नाही, ते अक्षर लावून वाचतं. त्याला जोडाक्षर नुकतंच शिकवलेलं असतं. पुस्तकात एक रूप आणि टॅबवर दुसरं दिसलं तर त्याने कोणतं खरं मानायचं? बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले, दीक्षा ॲप आलं, मुलं पडद्यावर वाचू लागली. तेव्हापासून पडद्यावरचं अक्षर बरोबर दिसणं हा थेट वाचन शिकवण्याचा प्रश्न झाला आहे.

५. हार्फबझची गोष्ट

या गोष्टीत आजच्या पाठाचा गाभा आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

फ्रीटाइपच्या जुन्या आवृत्तीत मांडणीचा एक छोटा कोड होता. लिनक्सवरच्या दोन मोठ्या प्रकल्पांना, पँगो आणि क्यूट यांना, त्याची गरज होती. कोड खुला होता, त्यामुळे दोघांनीही त्याची एकेक नक्कल आपल्या घरी नेली. काम भागलं. मग प्रत्येकाने आपल्या नकलेत दुरुस्त्या सुरू केल्या. पँगोने एखादी चूक सुधारली तर ती क्यूटमध्ये तशीच राहायची आणि क्यूटने भर घातली तर पँगोला ती मिळायची नाही. मूळ एकच, पण काही वर्षांत दोन भाऊ वेगळे दिसू लागले. एकाच संगणकावर, एकाच फॉन्टमध्ये, दोन प्रोग्रॅम एकच शब्द दोन तऱ्हेने दाखवू लागले.

यातून धडा मिळाला की नक्कल म्हणजे पुनर्वापर नाही. वहीतलं उत्तर उतरवून घेतलं की त्यातली चूकही उतरते आणि मूळ वहीत चूक सुधारली तरी आपल्या वहीत ती तशीच राहते.

मग दोन्हीकडचा कोड एकत्र आणायचं ठरलं आणि त्या एकत्रित प्रकल्पाला हार्फबझ नाव मिळालं. पुढे इराणमध्ये जन्मलेले प्रोग्रॅमर बेहदाद इस्फहबोद यांनी तो पुन्हा पहिल्यापासून लिहून काढला. भारतीय लिप्यांचे लाखो शब्द त्यातून काढून ते विंडोजवर दिसतात तसेच येतात का हे ताडून पाहिलं गेलं. २०१५ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली.

नावाची गंमत आपल्या जालनेकरांना लगेच कळेल. "हर्फ" म्हणजे अक्षर, हा शब्द आपण उर्दूत ऐकलेला असतो. फारसीत "बाज़" म्हणजे उघडं, खुलं. फॉन्टच्या "ओपनटाइप" या प्रकाराच्या नावाचं हे फारसी रूप. आणि हा कोड देवनागरीइतकाच उर्दूलाही सांभाळतो. उर्दूत अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगवेगळं दिसतं, नस्तालिक वळणात तर ते तिरकं खाली उतरत जातं. जालन्यात मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. दोन्ही शाळांतल्या टॅबवरची अक्षरं मांडणारा कारागीर मात्र एकच!

आज हार्फबझ कुठे कुठे आहे? अँड्रॉइडमध्ये, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिनक्सच्या जवळजवळ सगळ्या प्रोग्रॅम्समध्ये, लिबरऑफिसमध्ये आणि पुस्तकं जुळवण्याच्या झीटेक या प्रणालीत. लिबरऑफिसचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. हा मुक्त ऑफिस संच विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. पूर्वी तो विंडोजवर विंडोजचा कोड, मॅकवर ॲपलचा कोड आणि लिनक्सवर हार्फबझ वापरायचा. त्यामुळे तोच फॉन्ट असूनही एका संगणकावर जुळवलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडली की ओळी हलण्याची भीती असायची. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून त्यांनी तिन्हीकडे हार्फबझच बसवला. आता तिन्ही ठिकाणी मांडणी एकाच नियमाने होते.

६. एकच कोड इतक्या ठिकाणी चालतो कसा?

शेतात एकच मोटर असते. तिलाच पट्टा लावून कडबाकुट्टी चालवतात, तीच मळणीयंत्राला जोडतात. मोटरला काय फिरवतोय याच्याशी देणंघेणं नसतं. तिला वीज द्या, ती फिरणार. पुढचा पट्टा आणि कप्पी ज्याने त्याने आपल्या कामाप्रमाणे लावायची.

हार्फबझ तसाच आहे. तो पडद्याला हात लावत नाही, रंग भरत नाही, खिडकी उघडत नाही. तो दोनच गोष्टी मागतो – फॉन्टमधली माहिती आणि अक्षरांचे क्रमांक. देतोही मोजकंच – कोणतं चित्र, कोणत्या क्रमाने, कुठे ठेवायचं. यात विंडोज किंवा अँड्रॉइड असं काही येतच नाही. म्हणून तो कुठेही बसतो. बाकी जोडणीचा छोटा कोड ज्याने त्याने लिहायचा. एकच काम घ्या, ते नीट करा आणि इतरांशी देवाणघेवाणीची ठरलेली पद्धत ठेवा. ज्याला आपला कोड इतरांच्या उपयोगी पडावा असं वाटतं त्याने एवढं पाळावं.

दुसरी गोष्ट, हा कोड सी++ भाषेत लिहिलेला आहे. ही भाषा प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी त्या त्या यंत्रभाषेत रूपांतरित करता येते. मूळ मजकूर एक, छापील प्रती वेगवेगळ्या यंत्रांसाठी.

एक अपवाद लक्षात ठेवा. आयफोनवर ब्राउझर कोणताही घेतला तरी तिथे साधारणपणे ॲपलचाच मांडणीचा कोड चालतो. मायक्रोसॉफ्ट वर्डही विंडोजवर आपली यंत्रणा वापरतो. म्हणून एखादा शब्द क्रोममध्ये बरोबर आणि दुसरीकडे वेगळा दिसला तर गोंधळून जाऊ नका, कारागीर वेगळा आहे एवढंच.

७. परवाना : बियाण्याच्या गावाला हे सांगायला नको

जालना हे बियाण्यांचं गाव. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. त्यामुळे बियाण्याच्या उदाहरणाने परवाना चटकन कळतो.

संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. घरी राखून पेरलं तर पहिल्यासारखं पीक येत नाही. सोयाबीनसारख्या पिकाच्या सुधारित वाणाचं मात्र तसं नाही. यंदाच्या पिकातलं चांगलं बी राखून ठेवता येतं, पुढच्या वर्षी पेरता येतं, शेजाऱ्यालाही देता येतं.

बंद कोड पहिल्यासारखा असतो. वापरायला मिळतो, पण आत काय आहे ते बघता येत नाही, बदलता येत नाही, वाटता येत नाही. मुक्त स्रोत दुसऱ्यासारखा. बघा, बदला, वाटा. फरक इतकाच की बी वाटलं तर आपल्याकडचं कमी होतं, कोड वाटल्याने कमी होत नाही.

मुक्त परवान्यांतही प्रकार आहेत.

• मोकळा परवाना (एमआयटी, बीएसडी) – कोड घ्या, बदला, विकायच्या वस्तूतही घाला. फक्त मूळ लेखकाची आणि परवान्याची नोंद काढू नका. हार्फबझचा परवाना या जातीचा आहे. म्हणून मुक्त आणि व्यावसायिक, दोन्ही प्रकारच्या कंपन्यांनी तो निःशंकपणे घेतला.
• वाटून घेण्याचा परवाना (जीपीएल) – कोड घ्या, बदला, पण बदललेला कोड पुढे देताना तो त्याच अटींवर खुला ठेवा.
• फॉन्टचा मुक्त परवाना (ओएफएल) – फॉन्ट वापरा, पीडीएफमध्ये घाला, सुधारा, वाटा. फक्त नुसता फॉन्ट एकटा विकू नका.

मराठीसाठी यातलं काम आपल्या राज्यातही झालं आहे. लोहित फॉन्ट २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने खुले केले आणि पुढे त्यांवरचं बरंचसं काम तिच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने मुक्ता आणि बालू हे फॉन्ट ओएफएलखाली दिले. गुगलचा नोटो हाही असाच मुक्त. त्याच्या नावाचा अर्थ "टोफू नको". अक्षर सापडलं नाही की दिसणाऱ्या रिकाम्या चौकोनाला संगणकवाले गमतीने टोफू म्हणतात.

८. एकाच विहिरीचं पाणी

सगळं गोडच आहे असं नाही. सगळं गाव एकाच विहिरीचं पाणी पीत असेल तर विहिरीत घाण पडली की सगळं गाव आजारी पडतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये फ्रीटाइपमध्ये एक गंभीर दोष सापडला. फॉन्टच्या आत चित्र घालण्याची सोय असते. तिथे मुद्दाम बिघडवलेलं चित्र ठेवून संगणकात घुसखोरी करता येत होती आणि काही जणांनी तसं सुरूही केलं होतं. फ्रीटाइप क्रोममध्ये होता, लिनक्समध्ये होता, म्हणजे धोका सगळीकडे. पण कोड खुला असल्यामुळे दोष कळवल्यानंतर दुरुस्ती एक-दोन दिवसांत आली आणि ती एकाच ठिकाणी झाली. क्रोमने लगेच नवी आवृत्ती दिली. ज्यांनी ती घेतली ते सुटले.

आता दुसरं उदाहरण. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूमधलं "ज्ञा" सारखं एक जोडाक्षर आयफोनवर आलं की ॲप बंद पडायचं. लोक ते अक्षर खोडसाळपणे एकमेकांना पाठवू लागले. कोड ॲपलचा खासगी होता, त्यामुळे दुरुस्ती फक्त ॲपलच करू शकत होती. त्यांनी ती काही दिवसांत केली. तोपर्यंत बाहेरच्या कोणाला काही करता आलं नाही.

दोन्हीकडे दोष आले. फरक असा की पहिल्या ठिकाणी विहीर गावाची होती, कोणालाही उतरून गाळ काढता येत होता. पण गावाची विहीर आहे म्हणून ती आपोआप स्वच्छ राहत नाही. कोणीतरी उतरावं लागतं. आपण मराठी लोक या कोडचा रोज उपयोग करतो. मग मराठीचा दोष दिसला तर तो कळवायचा कोणी? "दऱ्या" फुटलेलं दिसतं हे हिंदी किंवा इंग्रजी वाचणाऱ्याच्या लक्षात कसं येणार? ते आपल्यालाच दिसणार. मूळ ठिकाणी एकदा दुरुस्ती झाली की तो कोड वापरणारे सगळे आपापल्या पुढच्या आवृत्तीत ती घेतात. एका शाळेने कळवलेला दोष सगळ्यांसाठी सुटतो.

९. शाळेत आपण काय करायचं?

१) साहित्य युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की सगळी इंग्रजी बाराखडी विस्कटून पडते. अशा फाइलला हार्फबझही काही करू शकत नाही, कारण आत मराठी नसतंच.
२) मुक्ता, लोहित, नोटो असे मुक्त परवान्याचे फॉन्ट वापरा. ते दुसऱ्या शाळेला देताना किंवा पीडीएफमध्ये घालताना परवानगीचा प्रश्न येत नाही.
३) फाइलची भाषा "मराठी" निवडा. "हिंदी" तशीच राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे येऊ शकतात.
४) मजकुराचा फोटो पाठवण्यापेक्षा मजकूर पाठवा. फोटोतला शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन मुलाचं वाचून दाखवणारं ॲपही तो सहसा नीट वाचू शकत नाही.
५) ॲप आणि ब्राउझर अद्ययावत ठेवा. वरची फ्रीटाइपची गोष्ट आठवा.
६) शेतकरी सोयाबीन पेरण्याआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासतो, ७० उगवले तरच बी पेरायला घेतो. तशी अक्षरांची तपासणी करा. पुढचे शब्द शाळेतल्या प्रत्येक उपकरणावर उघडून बघा :

शिक्षण, मार्मिक, आचार्यांना, आचाऱ्यांना, दऱ्या, ट्रक, राष्ट्र, ज्ञान, श्री, उद्ध्वस्त, ॲप, ऑगस्ट, वाङ्मय

जो शब्द फुटला त्याचा स्क्रीनशॉट, उपकरणाचं नाव, ॲपची आवृत्ती आणि फॉन्टचं नाव लिहून त्या ॲपच्या "अभिप्राय" विभागात कळवा. "मराठी नीट दिसत नाही" एवढंच लिहू नका. कोणता शब्द, कसा दिसला आणि कसा दिसायला हवा हे तिन्ही लिहा. सहावी-सातवीची मुलं हे काम अगदी आवडीने करतात.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
अ) युनिकोडमध्ये देवनागरीला किती क्रमांक मिळाले?
आ) "हर्फ" या शब्दाचा अर्थ काय?
इ) लिबरऑफिसने तिन्ही प्रणालींवर हार्फबझ कोणत्या वर्षी बसवला?

प्र. २. फरक स्पष्ट करा.
अ) नक्कल आणि पुनर्वापर
आ) बंद कोड आणि मुक्त स्रोत
इ) मोकळा परवाना आणि वाटून घेण्याचा परवाना

प्र. ३. कारणे द्या.
अ) फॉन्टमधलं अक्षर कितीही मोठं केलं तरी फाटत नाही.
आ) हार्फबझ वेगवेगळ्या प्रणालींत सहज बसतो.
इ) "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" हे शब्द संगणकात वेगळे साठतात.

प्र. ४. "वर्षि" हा अक्षरगट ज्यात आहे असा "वार्षिक" हा शब्द संगणकात कोणत्या क्रमाने साठेल ते लिहा. पडद्यावर काढताना कोणतं चिन्ह कुठे सरकेल ते बाण काढून दाखवा. (सूचना : आधी अक्षरगट पाडा. वरचा गट बरोबर दिलाय का तेही तपासा.)

प्र. ५. विचार करा : तुम्ही सोडवलेलं गणित वर्गातल्या सगळ्यांनी वापरलं आणि त्यात चूक निघाली, तर ती सर्वांच्या वहीत सुधारली जावी यासाठी कोणती पद्धत ठरवाल? पाच-सहा ओळींत लिहा.

उपक्रम : वरच्या तपासणीच्या शब्दांची यादी घरी नेऊन तीन वेगवेगळ्या मोबाईलवर उघडा. एका तक्त्यात नोंद करा – मोबाईल, ॲप, कोणता शब्द बरोबर, कोणता चूक. वर्गात सगळ्यांचे तक्ते एकत्र करा. जो शब्द दोन-तीन ठिकाणी सारखाच फुटतो, तो कळवण्यासाठी निवडा.

शिक्षकांसाठी : पहिल्या तासिकेत १ ते ४ मुद्दे आणि दोन्ही कृती होतात. दुसऱ्या तासिकेत ५ ते ९ घ्या. लहान वर्गात परवान्यांचे प्रकार सोडून दिले तरी चालेल, पण कार्डांची कृती सोडू नका. रफार डोक्यावर का चढतो आणि वेलांटी आधी का काढायची, हे त्या कृतीनंतर मुलांना शुद्धलेखनातही उपयोगी पडतं.